पेटी बघायला

“ही जरा घोगरी वाटतीया हो, वहिनी. ती वरली काढून दावता का?”

सोजर हे म्हणायच्या आधीच मी स्टूल ओढलं होतं. वरच्या फळीवरची पेटी उतरवून मी सतरंजीवर ठेवली. तिची लेक वैजू गुडघे मोडून तयारच बसली होती. तिनं भात्याचा खटका काढला, डावा हात मागं नेला आणि उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर ठेवून सारेगम सुरू केलं. हात आखूड, त्यामुळं भाता ओढताना तिचा सगळा खांदाच पुढंमागं व्हायचा.

“सावकाश वाजव,” सोजर म्हणाली. “नीट ऐकू दे. घेयाची म्हंजी पारखून घेयाला पायजे.”

“पारखा की,” मी म्हणाले. “घाई नाही.”

घाई नव्हतीच. बाजाराचा दिवस असला तरी भर दुपारी आमच्या दुकानात कुणी फिरकत नसे. बाजाराला आलेली माणसं आधी डाळी, मिरच्या, कापड बघत. वाद्यांच्या दुकानात शिरलीच तर जाता जाता, परतीची एसटी सुटायला वेळ असला तर.

ही पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्न होऊन मी बार्शीला आले त्याला वर्षही झालं नव्हतं. आमचे हे एसटीच्या वर्कशॉपात कामाला. वाद्यांचं दुकान माझ्या सासऱ्यांचं. मी त्यांना मामंजी म्हणत असे, आमचे हे अण्णा. दुकानाचा पुढचा भाग विक्रीचा, आणि मागं प्लायवूडच्या आडोशापलीकडं मामंजींची कामाची जागा. तिथं ते दिवसभर मान खाली घालून पेट्यांचे सूर, म्हणजे आतली पितळी पाती, घासत बसत. पुढच्या गादीवर आधी सासूबाई बसायच्या. माझ्या लग्नाआधीच त्या गेल्या, आणि मी घरात आल्यावर ती जागा आपसूक माझ्याकडं आली. मला वाद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सांगितलेली कामं दोनच. फळ्यावर लिहिलेला भाव सांगायचा, आणि कुणी उधारी काढली की आत आवाज द्यायचा.

तिसरी गोष्ट सांगायची गरजही नव्हती, ती बार्शीत सगळ्यांना ठाऊक होती. पांचाळांच्या दुकानातली पेटी विकत मिळते. उसनी मिळत नाही, भाड्यानं तर नाहीच. कधीकाळी मामंजींनी एका भजनी मंडळाला सप्ताहासाठी पेटी दिली होती. ती परत आली तेव्हा भात्याला उंदरानं पाडलेलं भोक होतं आणि तीन पट्ट्या गायब. “दिलेली पेटी परत येते ती खोकं होऊन,” असं ते तेव्हापासून म्हणत.

सोजर ननवरे दर बाजारच्या दिवशी यायची. स्टेशन रोडच्या पलीकडं मुलींचं एक वसतिगृह होतं, तिथं ती स्वयंपाकाला होती आणि लेकीसह मागच्या खोलीत राहायची. दुपारचं जेवण उरकलं की लेकीला घेऊन निघायची. पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, “पोरीसाठी पेटी बघायची हाय.” दुसऱ्यांदा म्हणाली, “बघून ठेवली, पन हिच्या बापाला इचारायचं ऱ्हायलं.” पुढच्या खेपेला पॉलिशचा रंग आवडला नाही. मग घोगरेपणा.

मला आधी राग यायचा. माझं लग्न ठरायच्या आधी मला बघायला अशीच मंडळी येऊन गेली होती, पोहे खाऊन, “कळवतो” म्हणून. पण एकदा वैजूचं वाजवणं चालू असताना मी सोजरकडं पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं, की ही बाई पेटीकडं बघतच नाही. ती रस्त्याकडं बघत होती. कुणी गिऱ्हाईक येत नाही ना, एवढंच. पेटी घेणारा माणूस ती उचलून बघतो, उलटीपालटी करतो, दहा दोष काढतो आणि भाव पाडतो. सोजरनं तोवर कधी भावच विचारला नव्हता.

आणि वैजू? ती दरवेळी मागच्या खेपेपेक्षा थोडं पुढचं वाजवायची. आधी नुसतं सारेगम, मग त्याचे पलटे, मग भूप रागातली एक छोटीशी सरगम. मला भूप कळत नव्हता, तो पुढं कळला. पण गेल्या वेळी अडखळलेली जागा या वेळी गुळगुळीत झाली, हे मलासुद्धा समजत होतं.

मी गप्प राहिले. गप्प काय, मी त्यात सामीलच झाले. एका दुपारी वैजूचं वाजवणं रंगात आलं होतं आणि सोजरजवळची कारणं संपल्यासारखी दिसली, तेव्हा मीच म्हणाले, “ही उचलायला जरा जड पडेल नाही तुम्हाला?”

सोजरनं माझ्याकडं नीट पाहिलं. मग तोंडावरची रेघ न हलवता म्हणाली, “व्हय बघा. जडच हाय.”

“मग ती पलीकडची बघा.”

“बघते की.”

आणि वैजूला आणखी एक पेटी मिळाली वाजवायला. आम्ही दोघी एकमेकींकडं न बघता रस्त्यावरची रहदारी बघत बसलो.

वैजूला मात्र हे सगळं खरं वाटत होतं. तिनं एक पेटी मनात पक्की केली होती. तपकिरी पॉलिशची, दुहेरी सुरांची, आकारानं आटोपशीर. बाकीच्या वाजवून झाल्या की ती शेवटी त्या पेटीकडं यायची. वाजवून झालं की फ्रॉकच्या टोकानं पट्ट्या पुसायची, भाता दाबून दोन्ही खटके लावायची, आणि मग मला विचारायची, “मावशी, ही कुणी नेनार न्हाई ना?”

“नाही गं,” मी म्हणायचे.

दसरा आठवड्यावर आला असताना ते झालं. वैजू तपकिरी पेटीवर भूपाची सरगम वाजवत होती. आता ती पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबता यायची. दारात जीप थांबली आणि एक गृहस्थ आत आले. वैरागला त्यांचं खतांचं दुकान होतं, घोडके आडनाव. पांढरेशुभ्र कपडे, हातात किल्ल्या. ते आत आले आणि उभेच राहिले. वैजूचं संपेपर्यंत बोलले नाहीत.

“वा!” मग म्हणाले. “कितवीत आहेस गं?”

“चौथीत.”

“आमचीही चौथीत आहे. तिच्यासाठीच पेटी घ्यायला आलो.” ते माझ्याकडं वळले. “हीच द्या. ही वाजतेय ती.”

मी म्हणाले, “दुसऱ्याही आहेत, दाखवू का?”

“कशाला? कानानं ऐकली की. अशी वाजली पाहिजे बघा आमच्या घरी.”

वैजू पेटीवरचा हात न काढता म्हणाली, “ही आमची ठरल्याली हाय.”

घोडके गोंधळले. चांगला माणूस होता तो. “तुमची ठरली असेल तर राहू द्या,” असं ते लगेच म्हणालेसुद्धा. आतून मामंजी फडक्याला हात पुसत बाहेर आले होते. त्यांनी सोजरकडं पाहिलं, मीही पाहिलं. त्या क्षणी तिनं नुसतं “व्हय” म्हटलं असतं, तर काय झालं असतं कुणास ठाऊक.

सोजरनं पदर सारखा केला. “न्हाई ठरल्याली,” ती म्हणाली. “आमाला ती जरा जड वाटती. न्या तुमी.”

वैजू आईकडं बघत राहिली. मग तिनं नेहमीसारख्या पट्ट्या पुसल्या, भाता दाबला, एक खटका लावला, दुसरा लावला, आणि बाजूला होऊन चपला घातल्या. रडली वगैरे नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

घोडक्यांनी रोख पैसे दिले. पेटी जीपमध्ये ठेवायला मामंजी स्वतः गेले. चढत्या भावाची पेटी घासाघीस न होता गेली होती, दुकानाच्या दृष्टीनं दिवस सोन्याचा. मी मात्र चपला न घालताच बाहेर पळाले. सोजर कोपऱ्यावरच्या नळाजवळ उभी होती. वैजू नळाला तोंड लावून पाणी पीत होती, बराच वेळ.

“सोजरबाई.”

“वहिनी, घेयाची न्हवतीच हो,” ती एकदम म्हणाली. “तुमाला ठावं होतं, न्हवं?”

“होतं.”

“मास्तरची फी कशी तरी भागवते मी. सकाळच्या पारी खानावळीच्या भाकऱ्या थापते, त्याच्यात निघती. पन पेटी कुठनं आनू? गुरव मास्तरकडं बारा पोरं आन् पेटी एक. हिच्या वाट्याला किती यावं? मास्तर वाईट न्हाई वहिनी. त्यो म्हनला, घरी पेटी नसंल तर दसऱ्यानंतर पाठवू नका, तुमचे पैसे फुकट खाल्ल्यासारखं वाटतंय मला.” ती थांबली. “मी म्हनलं, दुकानात मायंदाळ पेट्या हायती. त्यातली एक घटकाभर वाजली तर झिजंल का?”

“नाही झिजत,” मी म्हणाले.

“आता न्हाई येत आमी. दसरा आलाच.”

तिनं वैजूचा हात धरला आणि त्या दोघी बाजाराच्या गर्दीत गेल्या.

त्या रात्री मी भाजीत मीठ दोनदा घातलं. ह्यांनी विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. ते म्हणाले, “वाईट झालं. पण आपण काय करणार?” मलाही तोवर तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामंजी छोट्या रेल्वेनं मिरजेला गेले. दिवाळीच्या आधी ते तानपुरे आणायला जात. दोन दिवसांनी यायचे होते. मी दुकान उघडलं, झाडलं, फळ्या पुसायला घेतल्या. खालच्या फळीवर, अगदी कोपऱ्यात, एक जुनी पेटी होती. कुणीतरी नवी घेताना बदल्यात देऊन गेलेली. मामंजींनी तिचा भाता नवा करून ठेवला होता, पण एकेरी सुरांची म्हणून कुणी विचारत नव्हतं. तिचा भाव फळ्यावर लिहिलेला नव्हता.

मी बराच वेळ तिच्यासमोर फडकं घेऊन बसले. मग उठले, दुकानाला कुलूप लावलं आणि पेटी दोन्ही हातांनी पोटाशी धरून स्टेशन रोडनं चालू लागले. बार्शीतल्या लोकांनी पांचाळांच्या सुनेला भर दुपारी पेटी घेऊन चालताना बघितलं. मला दोन ठिकाणी कट्ट्यावर टेकावं लागलं.

सोजर वसतिगृहाच्या मागच्या अंगणात पातेली घासत होती. मला बघून ती राखेचे हात तसेच घेऊन उभी राहिली.

“हे काय?”

“वैजूसाठी.”

“न्हाई,” ती म्हणाली. “फुकाट नगं. मी कुनाचं फुकाट घेत न्हाई वहिनी. तुमच्या दुकानात येत हुते, तेवढंच फुकाट घेतलं जल्मात, आन् त्याचीबी लाज वाटती.”

“फुकट कोण देतंय? भाड्यानं देतेय.”

“भाड्यानं? तुमचा सासरा तर...”

“ते मी बघते.”

“भाडं किती?”

आता आली का पंचाईत. आजवर मी फळ्यावर लिहिलेलेच आकडे बोलले होते. माहेरी वडील ठरवायचे, सासरी मामंजी. कुठल्याही वस्तूची किंमत मी माझ्या तोंडानं कधी ठरवलेली नव्हती. सोजर वाट बघत होती.

“महिन्याला दहा रुपये,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

सोजरनं हात धुतले, आत गेली, डब्यातून दहाची नोट आणून माझ्या हातावर ठेवली. “पयल्या म्हैन्याचं.”

घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं, तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला. “अण्णांना कोण सांगणार?”

“मीच सांगेन.”

“सांग बाई. मला त्या दिवशी डबल ड्यूटी आहे.” ती नव्हती, आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मामंजी आले ते थेट दुकानात. हमालानं तानपुरे उतरवले. मामंजींनी मोरीत पाय धुतले, पंच्यानं पुसले, आणि बाहेर येऊन नुसती एक नजर फळ्यांवरून फिरवली.

“खालची जुनी कुठं गेली?”

“भाड्यानं दिली,” मी म्हणाले. ठरवलेली चार वाक्यं होती, ती सगळी विसरून गेले. “सोजरबाईंच्या वैजूला. महिना दहा रुपये. पहिल्या महिन्याचे गल्ल्यात ठेवलेत.”

त्यांनी पंचा खुंटीला अडकवला.

“कुणी ठरवलं?”

“मी.”

“मला न विचारता?”

“तुम्ही असता तर विचारलं असतं. तुम्ही नाही म्हणाला असता.”

हे मी का बोलले ते मला आजही सांगता येणार नाही. मामंजींनी चहा मागितला. मी शेजारच्या हॉटेलातून आणला. त्यांनी बशीत ओतून, फुंकर घालून, सगळा संपवला. मग टोपी चढवली, कामाच्या जागेतून एक लहानशी कापडी पिशवी घेतली आणि म्हणाले, “चल. घर दाखव.”

वाटेत मी त्यांच्या मागून चालत होते आणि मनात सोजरला काय सांगायचं ते जुळवत होते. दहा रुपये परत द्यायचे, हात जोडायचे, एवढंच सुचत होतं.

वसतिगृहाच्या मागं पाण्याची टाकी होती. तिथपर्यंत आलो आणि आतून पेटी ऐकू आली. मामंजी टाकीशीच थांबले. वैजू भूप वाजवत होती. वसतिगृहाच्या चारदोन मुली तिच्याभोवती बसून वाटाणे सोलत होत्या. मामंजींनी डोळे मिटले. त्यांचं हे मी दुकानात रोज बघत होते, सूर लावताना ते असेच डोळे मिटत.

“बाजारच्या दिवशीची ती हीच ना?” डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“मधे प्लायवूड आहे. भिंत नाही.”

“मग कधी बोलला नाहीत?”

“काय बोलायचं? गिऱ्हाईक पेटी बघत होतं.”

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. ते तसेच उभे होते, आणि त्यांच्या मिशीखाली जे काही चाललं होतं त्याला दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर मी हसू म्हटलं असतं.

आम्हाला बघून वैजूचा हात थांबला. सोजर आतून पिठाचे हात घेऊन धावत आली आणि मामंजींना बघून जागच्या जागी उभी राहिली. मग म्हणाली, “घेऊन जावा, मामा. काय झिजली न्हाई. वहिनीला काय बोलू नका.”

मामंजी सरळ पेटीसमोर मांडी घालून बसले. “बाजूला हो, पोरी.” त्यांनी भाता ओढून एकेक सूर लांबवला. एका सुरावर थांबले, पुन्हा दाबला, कपाळाला आठी घातली.

“ही पेटी कुणी दिली हिला?”

“मी,” मी म्हणाले. हे तर सांगितलेलं होतं.

“धैवत उतरलाय हिचा. ऐकू येत नाही?”

“मला कसं येणार?”

“आणि ही पोरगी भूप शिकतेय. भूपात धैवत दहा वेळा येतो. उतरलेला धैवत रोज कानात बसला, की पुढं मास्तरनं कितीही बडवलं तरी निघत नाही.” ते सोजरकडं वळले. “बाई, ही पेटी चालायची नाही.”

सोजरनं मान हलवली. ती पेटीचे खटके लावायला खाली वाकली.

“थांबा. उद्या ही दुकानात आणून द्या आणि दुहेरी सुरांची न्या. एक आहे माझ्याकडं, पॉलिश गेलेली, पण सूर चोख आहेत. आज तेवढा हा धैवत लावून देतो, एका रात्रीपुरता.” त्यांनी पिशवीतून कानस काढली. पेटीचं झाकण उघडता उघडता म्हणाले, “तिचं भाडं पंधरा पडेल.”

मला वाटलं, आता सोजर नको म्हणणार. पण सोजर सरळ उभी राहिली, पिठाचे हात एकमेकांवर झाडले आणि म्हणाली, “पंधरा लई झालं मामा. पॉलिश गेल्याल्या पेटीला पंधरा? धा.”

“चौदा.”

“अकरा. आन् म्हैन्याच्या म्हैन्याला हातात.”

“बारा,” मामंजी म्हणाले. “आणि एक अट. दर महिन्याला पेटी दुकानात आणून दाखवायची. मी तपासणार. एखाद्या महिन्याला भाडं राहिलं तर बघू, पण पेटी आलीच पाहिजे. आणि ही वाजवून दाखवील.”

“बारा,” सोजर म्हणाली. वाटाणे सोलणाऱ्या मुली हसल्या.

वैजूनं मला हळूच विचारलं, “मावशी, म्हंजी ही नेनार का ठिवनार?”

“बदलून देणार,” मी म्हणाले. “चांगली.”

परतताना संध्याकाळ झाली होती. मामंजी आता माझ्या बरोबरीनं चालत होते. मी धीर करून म्हणाले, “दिलेली पेटी परत येते ती खोकं होऊन, असं तुम्हीच म्हणता ना?”

“म्हणतो की. भजनी मंडळाची पेटी कुणाचीच नव्हती. वाजवली, टाकली. ही पोरगी वाजवून झालं की भाता दाबून दोन्ही खटके लावते. दरवेळी. मी आत बसून ऐकलंय. मोठमोठे गवई लावत नाहीत.” थोडं चालून ते म्हणाले, “पण मला ते भाड्याचं सुचलं नव्हतं. तुला सुचलं. आता पुढचे दरही तूच ठरवायचे. फक्त पेटी देताना मला विचार. कसली पेटी देतेस ते कळत नाही तुला.”

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. वैजू दर महिन्याला पेटी घेऊन यायची, आणि मामंजी हातातलं काम खाली ठेवून तिचं सगळं ऐकायचे. गुरव मास्तरांनी आपल्या बाकीच्या पोरांचे आईबापही आमच्याकडं पाठवायला सुरुवात केली. पुढच्या दिवाळीला आमच्या भाड्यानं दिलेल्या पेट्या विकलेल्यांपेक्षा जास्त होत्या. मग तबले द्यायला लागलो. कुणाचं पोर सहा महिन्यांत कंटाळायचं, पेटी परत यायची, आईबाप सुटकेचा श्वास टाकायचे. कुणाचं टिकायचं, आणि ते भाडं देता देता कधीतरी पेटीच विकत घ्यायचे. घोडक्यांच्या मुलीनं दोन महिन्यांत पेटी सोडली म्हणे. त्यांनी ती आमच्याकडंच परत विकली आणि ती आम्ही भाड्यात घातली. वैजूनं ती मागितली का? नाही. तिला तोवर पॉलिश गेलेलीच आवडायला लागली होती. आज ती तुळजापूरला एका शाळेत गाणं शिकवते. सोजर तिच्याकडंच असते आणि अजून भाजीवाल्याशी घासाघीस करते, असं वैजू सांगते.

मामंजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. दुकान मी चालवते. आमचे हे रिटायर झाल्यापासून पुढं गादीवर बसतात, भाव सांगतात. आत प्लायवूडच्या पलीकडं मी असते. बार्शीत पेटीचे सूर लावून देणारी बाई कुठं, असं कुणी विचारलं तर पोरंटोरंही आमचं दुकान दाखवतात.

ते कसं झालं, ते त्याच संध्याकाळचं आहे. घर जवळ आलं होतं. मामंजी अचानक म्हणाले, “मालन, तुला येते का वाजवायला?”

“नाही.”

“वर्षभर दुकानात बसतेस. एकदाही हात नाही लावलास?”

“कुणी लाव म्हणालं नाही,” मी म्हणाले. तक्रार नव्हती ती. मला खरंच तसं वाटत होतं, की ती वस्तू पुसायची असते, उतरवायची असते, दाखवायची असते.

ते घरात शिरले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवायच्या आत त्यांनी दारातून हाक मारली. “भाकऱ्या मागाहून. चल.” दुकानाचं दार अर्धंच उघडलेलं होतं. सतरंजीवर पेटी ठेवली होती, नवी, त्या वर्षीची सगळ्यात महागाची, जिचं झाकण मी रोज पुसत होते. मी समोर बसले. माझा हात पट्ट्यांच्या वर एक वीतभर अंतरावर थांबला, खाली जाईना.

मामंजींनी माझं बोट धरून पहिल्या पांढऱ्या पट्टीवर ठेवलं.

“दाब,” ते म्हणाले. “घाबरतेस कशाला? आपलीच आहे.”